बरसाती मिलेगी?

भाड्याने घर शोधायला लागलं की आपण नकळत एक नवी भाषा शिकतो. 'वॉकिंग डिस्टन्स' म्हणजे रिक्षाने पंधरा मिनिटं. 'एअरी' म्हणजे खिडकीची एक काच फुटलेली आहे. 'कोझी' म्हणजे बेड टाकला की कपाटाचं दार उघडत नाही. आणि 'सेमी-फर्निश्ड' म्हणजे एक ट्यूबलाइट, एक आरसा आणि आधीच्या भाडेकरूने भिंतीत ठोकलेले सात खिळे!

प्रत्येक शहराची या भाषेतली आपली अशी बोली असते. मुंबईत 'वन आरके', पुण्यात 'कॉट बेसिस', बंगळुरात 'पीजी'. पण या सगळ्या डिक्शनरीत रोमँटिक वाटणारा एकच शब्द आहे आणि तो दिल्लीचा आहे. बरसाती.

नुसता उच्चारला तरी राज कपूर-नर्गिसच्या जमान्यातल्या सिनेमाचं नाव वाटतं ना? पण जरा जपून. हिंदीत रेनकोटलाही बरसातीच म्हणतात. म्हणजे पुण्याहून नुकतीच ट्रान्सफर होऊन गेलेली एखादी मुलगी लाजपत नगरच्या मार्केटमध्ये 'भैया, बरसाती मिलेगी?' म्हणाली, तर दुकानदार तिला मीडियम आणि लार्ज दाखवेल. हाच प्रश्न तिने ब्रोकरला विचारला, तर तो तिला दोन जिने चढवून गच्चीवर नेईल. तिथे एक खोली असेल, तिच्याहून लहान बाथरूम असेल आणि समोर मोकळी गच्ची. वर काळी पाण्याची टाकी आणि अख्ख्या दिल्लीचं आभाळ!

मुळात ही खोली कुणाची?

सामानाची. आणि पावसात पळापळ करणाऱ्यांची.

एसी घराघरांत पोचायच्या आधीची दिल्ली आठवा. मे-जूनमध्ये दिवसा पारा ४५ला टेकायचा आणि रात्री घराच्या भिंती आग ओकायच्या. मग उपाय काय? गच्ची. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं, फरशी थंड झाली की खाटा टाकायच्या आणि सगळ्या खानदानाने ओळीत झोपायचं. आपल्याकडे विदर्भात आणि खानदेशात ज्यांचं बालपण गेलंय त्यांना हे सांगायला नको. तिकडे खाट, इकडे बाज. बाकी सगळं सेम.

पण मध्यरात्री अचानक वादळ आलं, सरी कोसळल्या तर? झोपेत गाद्या गुंडाळून खाली पळणं अवघडच. म्हणून गच्चीच्या एका कोपऱ्यात डोक्यावर छप्पर असलेली एक खोली बांधून ठेवायचे. पाऊस आला की खाटा आत ओढायच्या. बरसातीत कामाची, म्हणून बरसाती. इतका सरळ हिशोब! दिवसा त्याच खोलीत खाटा, उशा, गाद्या रचलेल्या असायच्या. उन्हाळ्यात हिवाळ्याच्या रजया, हिवाळ्यात उन्हाळ्याचे पंखे. थोडक्यात, बरसाती म्हणजे घराचा 'अदर्स' नावाचा फोल्डर. कुठेच बसत नाही ना? टाका तिकडे.

मग त्या फोल्डरमध्ये माणसं कशी आली?

अडीच मजल्यांचं शहर

फाळणीनंतर लाखो निर्वासित दिल्लीत आले. त्यांच्यासाठी जंगपुरा एक्स्टेन्शन, लाजपत नगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. पाकिस्तानातून विस्थापित झालेल्या लष्करी अधिकाऱ्यांसाठी डिफेन्स कॉलनी वसली. प्लॉट मिळाले, हळूहळू घरं बांधली गेली. १९६२ साली दिल्लीचा पहिला मास्टर प्लॅन आला. त्या काळात या कॉलन्यांतलं टिपिकल घर होतं अडीच मजल्यांचं. तळमजला, पहिला मजला आणि वरचा अर्धा म्हणजे बरसाती. अर्धा, कारण वर गच्चीच्या थोड्याच भागावर बांधायची परवानगी होती. उरलेली गच्ची मोकळी.

हिशोब साधा होता. मालक खाली राहणार, पहिला मजला एखाद्या फॅमिलीला आणि गच्चीवरची अर्धी खोली ज्याला कुणी घर देत नाही त्याला. म्हणजे कुणाला? विद्यार्थ्याला, नवख्या पत्रकाराला, चित्रकाराला, थिएटरवाल्याला, एकट्या राहणाऱ्या मुलीला. पगार छोटा आणि स्वप्नं मोठी असलेल्या सगळ्यांना. वर जायला बरेचदा वेगळा जिना असायचा, त्यामुळे 'रात्री साडेअकराला कोण आलं होतं?' हा प्रश्न थोडा कमी वेळा विचारला जायचा. ज्यांनी 'ओन्ली फॅमिली'ची पाटी वाचून दहा दारांवरून परत फिरायचा अनुभव घेतलाय, त्यांना या वेगळ्या जिन्याची किंमत कळेल.

पडद्यावर हे जग आणलं ते एका मराठी बाईने. सई परांजपे. त्या दिल्लीच्या नॅशनल स्कूल ऑफ ड्रामात शिकल्या, पुढे दिल्ली दूरदर्शनमध्ये काम केलं, म्हणजे हे शहर त्यांनी आतून पाहिलेलं. १९८१चा 'चश्मे बद्दूर' आठवतोय? फारूख शेख, रवी बासवानी आणि राकेश बेदी. तीन बॅचलर्स, एक खोली, भिंतभर चिकटवलेली हिरॉइन्सची चित्रं, पानवाल्याकडची कायमची उधारी आणि समोरून येणारी 'चमको'वाली दीप्ती नवल. खिशात दमडी नाही, तरी त्यांचा हेवा वाटतो. अरुंधती रॉयसुद्धा 'बुकर' मिळायच्या कितीतरी आधी निजामुद्दीन दर्ग्याजवळच्या एका बरसातीत भाड्याने राहायच्या.

म्हणून दिल्लीत आज पन्नाशी-साठीत असलेल्या कुणालाही 'बरसाती' म्हणून बघा. डोळे ओलावतात. हिवाळ्यातलं कोवळं ऊन, गच्चीवर टाकलेली सतरंजी, संत्री, मित्र, उधारीची रम आणि पहिली कविता. मग थोड्या वेळाने दुसरी बाजू बाहेर येते. मे महिन्यात स्लॅब इतका तापायचा की रात्री दोन वाजता पंखा गरम हवा फेकायचा. टाकी उन्हात उकळायची, त्यामुळे जूनमध्ये गीझरची गरजच नाही आणि जानेवारीत अंगावर घेववत नाही असं पाणी. ओली चादर पांघरून झोपायची ट्रिक तर ठरलेली. रोमान्स हा असा असतो बॉस, तो नंतर आठवतो. चालू असताना फक्त घाम येतो.

बरसाती आणि तिची सावत्र बहीण

दिल्लीच्या गच्चीवर अजून एक शब्द राहतो. ममटी. जिना गच्चीवर जिथे संपतो, तिथे पाऊस आत येऊ नये म्हणून जी छोटी डबी बांधतात ती ममटी. पंजाब, हरियाणा, दिल्लीत हा शब्द सर्रास चालतो आणि गंमत म्हणजे तो सरकारी बांधकाम नियमांतही जसाच्या तसा आहे. आपल्याकडे बिल्डिंगच्या गच्चीचं दार उघडलं की लागतो ना तो आडोसा? जिथे सोसायटीच्या तुटक्या खुर्च्या, गणपतीच्या मंडपाचे बांबू आणि कुणाची तरी सायकल असते? तीच.

आता दोघींतला फरक बघा. दिल्लीच्या नियमांत बरसातीची व्याख्या होती गच्चीवरची राहण्याजोगी खोली. आणि ममटीची व्याख्या म्हणजे फक्त जिन्यावरचं छप्पर, माणसाच्या राहण्यासाठी न वापरलं जाणारं. विटा त्याच, सिमेंट तेच, ऊनही तेच. पण एका शब्दाच्या आत माणूस मावतो आणि दुसऱ्याच्या आत कायद्याने मावत नाही. तरीही ममटीला लागून पत्रे टाकायचे, एक बल्ब लावायचा आणि 'रूम ऑन टेरेस' म्हणून भाड्याने द्यायची, हा उद्योग कुठल्या शहरात चालत नाही सांगा बरं?

आपला माळा

आता जरा आपल्या घरात डोकावू. मराठीत गच्चीवरच्या खोलीला आपण सरळ 'गच्चीवरची खोली' म्हणतो, विषय संपला. पण सामान वर टाकायच्या जागेला आपल्याकडे एक शब्द आहे आणि तो जाम फिरलाय. माळा.

जुन्या घरात माळा म्हणजे कौलांखालची जागा. शिडी लावून चढायचं. तिथे लग्नातली मोठी पातेली, गणपतीचं मखर, आजोबांची ट्रंक आणि मांजरीची पिल्लं. शेतात पाखरं राखायला उभारलेलं उंच मचाण, तेही माळाच. आणि मुंबईत? 'कितव्या माळ्यावर राहता?' इथे माळा म्हणजे चक्क मजला! गावाकडून पहिल्यांदा मुंबईत आलेल्या पाहुण्याला 'मामा चौथ्या माळ्यावर राहतात' हे ऐकून मामांची काळजी वाटली, तर त्याला हसू नका. म्हणजे दिल्लीत अडगळीच्या खोलीला अर्ध्या मजल्याचं प्रमोशन मिळालं, मुंबईत माळ्याला अख्ख्या मजल्याचं.

मग अडगळीसाठी शब्द कुठला उरला? पोटमाळा. हा 'पोट' फार इंटरेस्टिंग आहे. पोटकलम, पोटनियम, पोटजात, पोटनिवडणूक... मूळ गोष्टीच्या आत असलेली किंवा तिच्यावर अवलंबून असलेली गोष्ट म्हणजे 'पोट'. आणि पोटभाडेकरूसुद्धा! चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत लाकडी फळ्या टाकून पोटमाळा काढायचा. खाली आई-बाबा आणि भावंडं, वर नवीन लग्न झालेलं जोडपं किंवा दहावीचा अभ्यास करणारा मुलगा. मुंबईतल्या कित्येक डॉक्टर-इंजिनीअरांनी आपला अभ्यास मान वाकवून केलाय.

मान वाकवून हे शब्दशः खरं आहे. आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत लॉफ्ट म्हणजे जास्तीत जास्त दीड मीटर उंचीची, सामान ठेवायची जागा. दीड मीटर म्हणजे पुरते पाच फूटही नाही. कायद्याच्या नजरेत तिथे बॅगा राहतात. बॅगांना उभं राहावं लागत नाही.

सोलमध्येही सेम टु सेम

कोरियन ड्रामा बघत रात्री जागवणाऱ्यांनी ही खोली आधीच पाहिली आहे. गरीब पण गोड हिरॉइन गच्चीवरच्या एका खोलीत राहते, बाहेर लाकडी बाकडं असतं, त्यावर बसून सगळे नूडल्स खातात आणि मागे सोल शहराचे दिवे लुकलुकतात. त्या खोलीचं नाव ओक्तापबांग. २०१२ची 'रूफटॉप प्रिन्स' ही सीरिजच या खोलीच्या नावावर आहे. 'ओक्ताप' म्हणजे गच्चीवरचं ते बांधकाम, ज्यात जिना, पाण्याची टाकी, लिफ्टचं मशीन, सामान असतं. 'बांग' म्हणजे खोली. तिकडच्या नियमानुसार असं बांधकाम इमारतीच्या क्षेत्रफळाच्या एक-अष्टमांशाच्या आत असेल तर त्याला मजला म्हणून मोजत नाहीत. पण भाडं मात्र मोजून घेतात! २०१८च्या उन्हाळ्यात सोलचे तेव्हाचे महापौर पार्क वन-सून महिनाभर अशाच खोलीत राहायला गेले होते. लोक कसे राहतात ते बघायला. टीका झाली, स्टंट म्हणाले, पण ओक्तापबांगमधला उन्हाळा म्हणजे काय असतो ही चर्चा देशभर झाली.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे पेंटहाऊस. आज हा शब्द ऐकला की स्विमिंग पूल आणि वाइनचे ग्लास डोळ्यांसमोर येतात. पण मुळात तो आलाय एका जुन्या फ्रेंच शब्दावरून. अर्थ काय, तर भिंतीला टेकवून काढलेलं उतरतं छप्पर. म्हणजे आपली पडवी! गच्चीवरची पडवी कोट्यवधींना विकायची असेल तर फक्त नाव बदला. जमीन, विटा, वारा सगळं तेच.

बरसाती गेली कुठे?

नव्वदच्या दशकापासून दिल्लीतले उंचीचे नियम सैल होत गेले. फेब्रुवारी २००७मध्ये 'मास्टर प्लॅन २०२१' लागू झाला आणि प्लॉटवरच्या घरांना १५ मीटर उंचीपर्यंत जायची मुभा मिळाली. मग काय, बिल्डर आले. जुनं अडीच मजल्यांचं घर पाडायचं, खाली स्टिल्ट पार्किंग, वर चार पूर्ण मजले. मालकाला फुकटात नवं घर, बिल्डरला विकायला मजले. अर्ध्या मजल्याला जागाच उरली नाही. जुन्या कॉलन्यांत कुठेकुठे बरसात्या अजून आहेत. पण त्यातल्या काहींत आता डिझायनरचे स्टुडिओ आहेत आणि ब्रोकर त्याला म्हणतो 'टॉप फ्लोअर विथ टेरेस राइट्स'. बरसाती म्हटलं की भाडं कमी सांगावं लागतं ना!

म्हणजे फक्त शब्द गेला असता तर हळहळ वाटून सोडून दिलं असतं. पण शब्दाबरोबर एक सोय गेली. शहराच्या मधोमध, आपल्या पगारात परवडणारी, दार आतून आपलं आपण लावू शकू अशी जागा. नवख्या माणसाची गरज तर तीच आहे. आता तो कुठे जातो? वर जागा नसेल तर खाली जातो.

२७ जुलै २०२४. दिल्लीतलं ओल्ड राजेंद्र नगर. आपल्या लातूर, सोलापूर, अमरावतीची पोरंही यूपीएससीचं स्वप्न घेऊन ज्या भागात जातात तोच हा भाग. जोराच्या पावसानंतर एका कोचिंग क्लासच्या तळघरात पाणी घुसलं आणि तिथल्या लायब्ररीत बसलेल्या तीन विद्यार्थ्यांचा बुडून मृत्यू झाला. त्या तळघराला परवानगी होती पार्किंग आणि सामान ठेवण्यापुरती. कागदावर स्टोरेज होतं. प्रत्यक्षात तिथे पुस्तक उघडून माणसं बसली होती.

या एका शब्दासाठी हा सगळा लेख लिहिला. स्टोरेज. कागदावर सामानाची जागा म्हटलं की खिडकी नको, दुसरा दरवाजा नको, पाणी शिरलं तर बाहेर कसं पडायचं याचा विचार नको. कारण आत बॅगा असणार आहेत. बरसाती निदान अडगळीची खोली असून कागदावर माणसाची झाली होती. आज जे 'रूम' म्हणून आपल्याला दाखवलं जातं ते कितीदा तरी उलटं असतं. बोलण्यात माणसाची खोली, कागदावर सामानाची.

तर बघायला जाल तेव्हा...

गच्चीवरची खोली भाड्याने घेऊ नका असं मी अजिबात म्हणत नाही. चांगली मिळाली तर तिच्यासारखं सुख नाही. फक्त डोळे उघडे ठेवून घ्या.

• दुपारी तीन वाजता बघायला जा. संध्याकाळी सातला प्रत्येक गच्ची छानच वाटते. स्लॅबला हात लावून बघा, पत्रा असेल तर दोनदा विचार करा.

• सरळ उभे राहा, हात वर करा. छताला हात टेकत असेल तर तो लॉफ्ट आहे, रूम नाही.

• विचारा, 'मंजूर प्लॅनमध्ये या जागेला काय म्हटलंय?' मालक चिडला तर उत्तर मिळालं समजा.

• जिन्याचं दार रात्री कोण बंद करतं आणि किल्ली कुणाकडे असते? आग लागली तर उतरायला तुमच्याकडे तो एकच जिना असतो.

• छताच्या कोपऱ्यांत पिवळे डाग दिसले तर ते डिझाइन नाही. पावसाळ्यात तिथूनच बरसात होणार.

• लीव्ह अँड लायसन्स करार रजिस्टर करून घ्या. महाराष्ट्रात तो कायद्याने सक्तीचा आहे आणि रजिस्टर करण्याची जबाबदारी मालकाची आहे. करारात जागेचं वर्णन नीट वाचा. 'टेरेस पोर्शन' असं मोघम लिहिलं असेल तर पेन खाली ठेवा.

पाच-दहा मिनिटांचं काम आहे. इतका वेळ आपण मोबाइलचं कव्हर निवडायलाही घालवतो.

शेवटी काय, खोलीला नाव मालक ठेवतो, बिल्डर ठेवतो, महापालिका ठेवते. नंतर नावं मात्र आपण ठेवतो, तीही मित्रांच्या ग्रुपवर. त्यापेक्षा आत सामान टाकायच्या आधीच विचारलेलं बरं. 'काका, ही खोली माणसाची आहे की सामानाची?'